चालणाऱ्याला सूप नाही

ज्याच्या पायाला आज फोड आलाय आणि फोडातनं पांढरं दोऱ्यासारखं टोक डोकावतंय, त्यानं हे आधी वाचावं. ज्याला वाचता येत नाही त्याला कुणीतरी बसून वाचून दाखवावं. मी मराठी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढं बैलांमागं गेलो, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत. पाय वाचवायचा असेल तर अक्षर बघत बसायला वेळ नाही.

माझं नाव शिवराम, गावात शिवा. गाव विंझरच्या वरच्या अंगाला, वेल्ह्याच्या वाटेवर. भाताची थोडी खाचरं, एक बैलजोडी, बायको हौसा आणि एक लेक, एवढा आमचा पसारा. भात पिकतं ते फाल्गुनापर्यंत पुरतं. पुढचे दिवस नाचणीवर, वरीवर आणि मजुरीवर काढायचे. मजुरी करायला पाय लागतात.

काडीचा वेढा

आमच्या गावात नारूचं, म्हणजे पायातनं निघणाऱ्या ह्या दोऱ्यासारख्या किड्याचं, कुणाला नवल नाही. विहीर पायऱ्यांची. बाया आणि गडी पायरी उतरून घोटाभर पाण्यात उभे राहतात, घागर भरतात आणि तेच पाणी सगळं गाव पितं. त्या पाण्यातनंच नारू अंगात शिरतो आणि वर्षभरानं पायातनं बाहेर निघतो, हे मला पुढं दवाखान्यात कळलं. त्याआधी आम्ही म्हणायचो, ज्याच्या नशिबात असेल त्याला निघतो. गावात नशीब सगळ्यांचंच सारखं होतं.

नारूचं टोक दिसलं की ते तुरीच्या काडीला गुंडाळायचं आणि काडी पायालाच बांधून ठेवायची. रोज तो आपणहून सैल होईल तेवढाच वेढा द्यायचा. ओढायचं नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण मला नारू निघाला तो ऐन लावणीच्या तोंडावर. रोपं तयार, खाचरात पाणी साठलेलं, शेजारपाजारचे सगळे चिखलात, आणि मी उंबऱ्यावर पाय लांब करून बसलेलो. काडी बांधून चिखलात उतरता येत नाही. मग मी रोजच्या वेढ्यावर आणखी एक वेढा द्यायला लागलो, त्यावर आणखी एक.

एका सकाळी तो तुटला. दुखलं असं काही नाही. काडी हलकी होऊन हातात आली आणि उरलेलं टोक आत निघून गेलं. हौसा रोपांची मूठ घेऊन दारात उभी होती. तिनं काडीकडं पाहिलं.

"आवं, तुटला का काय!"

"तुटला."

"आता वो?" म्हणाली आणि रोपं तिथंच ठेवून मटकन खाली बसली.

दोन दिवसांत पिंढरी टरारून सुजली, मग गुडघा. अंगात ताप असा की मला बैलांची नावं आठवेनात. कुणी म्हणालं बिब्बा घाल, कुणी म्हणालं डाग दे. हौसानं दोन्ही करू दिलं नाही. तिनं गाडी जुंपली, मला पेंढ्यावर टाकलं आणि पावसात भोरची वाट धरली. नसरापुरात एक मुक्काम पडला. वाटेत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, बैलांशी मात्र बोलत होती. "चला रं माज्या राजांनो, एवढा घाट काढा," म्हणायची. तापातही मला बैलांचा हेवा वाटला.

भोरचा दवाखाना

डॉक्टर वयानं माझ्याएवढेच, भोरातले. चष्मा पुसत पुसत त्यांनी पाय दाबून पाहिला. मी ओरडलो.

"ओढलास?"

"जी, जरासा."

"जरासा म्हणजे किती, ते आता आत गेल्यावर दिसेल," म्हणाले आणि सुरी उकळायला सांगितली.

पाय कापला म्हणजे तोडला नाही, चिरला. आतनं जे निघालं त्याचं वर्णन करीत नाही, जेवणारं माणूसही हे वाचत असेल. पण तो पहिला दिवस सांगितला पाहिजे, कारण त्या दिवसाची भीती जन्मभर पुरते. दोघांनी हात धरले होते. मी वरच्या कौलांकडं बघत होतो. एक कौल सरकलं होतं आणि तिथनं थेंब पडत होता, खाली पितळी ठेवली होती. थेंब पडला की टण्ण वाजायचं. पुढच्या थेंबापर्यंत आपण जगायचं, असं मी धरलं. असं करत करत सुरी थांबली. तुम्हीही असलंच काहीतरी धरून ठेवा, उपयोग होतो.

दवाखान्याचे दिवस एकासारखे एक. सकाळी फिनेलचा वास आला की उजाडलं म्हणायचं. मग पट्टी सोडायची. एक कंपौंडर चिकटलेली पट्टी कोमट पाण्यानं भिजवून अशी अलगद काढायचा की त्याचे हात धरून रडावंसं वाटायचं. दुसरा एक होता, तो झटक्यात ओढायचा. सकाळी पावलं वाजली की आम्ही सगळे खाटेवरनं कानोसा घ्यायचो, आज कोण. आजाऱ्यांच्या बायका अंगणातल्या छपराखाली तीन दगडांच्या चुली मांडून भाकरी थापायच्या. एवढ्या धुरातही हौसाची भाकरी मला वासावरनं ओळखू यायची. पण तिला जास्त दिवस राहता आलं नाही. रोपं वाळत होती.

ती गावी गेली तेव्हा गावानं इर्जिक घातली. सगळ्या घरांतली माणसं आणि बैल एका दिवशी आमच्या खाचरात उतरले आणि लावणी उरकली. हे मला नंतर कळलं. खाटेवर पडून मी आपला खाचरं पडीक राहिली म्हणून उशी भिजवत होतो.

जखम भरली, पण गुडघा वाकडा राहिला. डॉक्टरांनी पावलाला दोरी बांधून खाटेच्या पायथ्याशी वीट टांगली, पाय सरळ व्हावा म्हणून. थोडा झाला, पुरता नाही. सोडताना त्यांनी मला समोर बसवलं.

"हे बघ, हा गुडघा आता तुझ्या हातात आहे. रोज चालायचं. दुखलं तरी चालायचं, रडत चाल, शिव्या देत चाल. बसून राहिलास तर वर्षभरात त्याचं लाकूड होईल, मग मी काही करू शकणार नाही. आणि पाणी गाळून पी. दुहेरी धडपा, रोज धुतलेला."

मी मान डोलावली. काठी दवाखान्याच्याच आवारातली, कुणीतरी विसरून गेलेली. ती अजून माझ्याजवळ आहे.

सूप

त्या साली भातकापणीनंतर गोदाकाकी काठी टेकत दारात आली. गोदाकाकी आमच्या गावची आंधळी. देवी आल्या तेव्हा लहानपणीच डोळे गेले. वय झालेलं, पण जिभेला धार.

"शिवा, उद्यापास्नं माझ्यासंगं खळ्यावर चल. सूप घ्यायला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या गावची रीत अशी. मळणी झाली, वारवून भाताची रास घातली, राशीवर नारळ-हळदकुंकू वाहिलं की माप घालायच्या आधी अधूंचं सूप काढायचं. मालकानं आपल्या हातानं सूप भरून ओतायचं, घेणाऱ्यानं आपला पदर नाहीतर उपरणं पसरून घ्यायचं. दुसऱ्यानं जाऊन आणलेलं चालत नाही. आणि रास पुजल्यापासून माप संपेपर्यंत खळ्यावर कुणी अवाक्षर बोलायचं नाही. बोललं की राशीची बरकत जाते. प्रत्येक खळ्यावरनं एक-एक सूप आलं की अधू माणसाचं घर ज्येष्ठापर्यंत निघतं. आमच्या खळ्यावरनं माझ्या बापानं गोदाकाकीला किती वेळा ओतलेलं मी पाहिलंय. घ्यायला आपण उभे राहू हे कधी मनात आलं नव्हतं.

"काकी, म्या न्हाई येनार. माजी खाचरं हायत."

"खाचरं हायत, पन गडी कुठं हाय? हौसा एकली किती मरंल? शरम वाटत आसंल तर डोळं मिटून उभा ऱ्हा. म्या जन्मभर तशीच उभी ऱ्हाते."

मग गेलो. पहिल्या खळ्यावर उपरणं पसरलं. बरं होतं की कुणी बोलायचं नव्हतं. मालकही खाली मान घालून ओततो आणि आपणही खाली मान घालून घेतो. ही रीत कुणी पाडली ठाऊक नाही, पण त्याला माणसाच्या मनाची फार जाण असली पाहिजे.

घेणारे आम्ही तिघं. काकी, मी आणि किसन. किसनचा उजवा हात भाटघरच्या धरणाच्या कामावर दगडाखाली गेला होता. त्याला फार बोलायला लागतं, म्हणून खळ्यावरचा गप्पपणा त्याला सगळ्यात जड जायचा.

चावडीतलं बोलणं

दुसऱ्या साली पाऊस कमी आणि वर लढाई. सरकारात भात घालायचा हुकूम आला. किती घालायचं ते सांगायला माणूस येऊन गेला. मग चावडीत बोलणं सुरू झालं की बाहेर एवढं द्यायचं तर गावातलं सूप कशाला? पाटील वाईट माणूस नव्हे. त्यांच्या स्वतःच्या कणगीला तळ दिसत होता. त्यांनी मधला मार्ग काढला. सूप सगळ्यांचं बंद नको, पण ज्याचं अंग चालतंय त्याला कशाला द्यायचं? सोमवारी तिघांनी चावडीवर यावं, गाव बघेल आणि ठरवेल.

किसन धावतच माझ्याकडं आला.

"शिवा, चालनाऱ्याला सूप न्हाई म्हनत्यात. म्या काय हातावर चालत येऊ व्हय रं? त्योबी एकच हाय!"

हसलो आम्ही, पण तेवढ्यापुरतंच. त्याला तीन पोरं. काकीला वाटत होतं, आज ह्यांचं बंद झालं की पुढच्या साली आपलं. चालताना ती आता प्रत्येकाला विचारायची, "काय आइकलंस का रं, काय ठरतंय?" एरवी कुणाला काही विचारणारी बाई नव्हती ती.

माझी गोष्ट आणखी वेगळी होती. वर्षभर मी डॉक्टरांचा शब्द पाळला होता. रोज सकाळी काठी घेऊन गावाच्या वेशीपर्यंत जायचो, शिव्या देत जायचो, कारण तेवढी परवानगी होती. गुडघा हळूहळू सुटत होता. नांगर धरता येत नव्हता, चिखलात उभं राहता येत नव्हतं, ओझं उचलता येत नव्हतं. पण चालताना सगळ्या गावाला दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी जागेवर नव्हती. सगळं घर धुंडाळलं. हौसा चुलीपुढं बसून भाकरी भाजत होती, माझ्याकडं बघत नव्हती.

"हौसे, काठी?"

"सोमवारपत्तुर न्हाई मिळायची."

"आगं डागदर काय म्हनला ठावं हाय न्हवं तुला?"

"डागदर जेवू घालनार हाय का?" ती एकदम वळली. डोळ्यांत धूर होता का पाणी, कळेना. "चार दिस घरात बसलासा तर काय मरताय? सोमवारी सरपटत जावा. गाव बघंल, म्हनंल बिचारा. लेकीला चैतात काय घालू म्या? तुमचं चालनं घालू ताटात?"

तिचं चुकत नव्हतं. तिच्या हाताला घट्टे पडले होते, पुरुषाच्या हाताला पडतात तसे. वर्षभर दोन माणसांचं काम तिनं एकटीनं ओढलं होतं आणि मला त्याचा कधी पाढा वाचला नव्हता.

मी घरात बसलो. पहिल्या दिवशी गुडघा आखडला. दुसऱ्या दिवशी उठताना भिंत धरावी लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाय सरळ करायला गेलो तर आत दवाखान्यातल्यासारखी कळ आली आणि मी ओरडलो. तेव्हा मात्र मला भीती वाटली, चावडीची नव्हे. सूप जाईल ते एका सालाचं. पाय गेला तर सगळ्या सालांचा जाईल, आणि तेव्हा हेच गाव म्हणेल, बसून होता म्हणून गेला.

हौसा दारात उभी राहून माझं उठणं बघत होती. किती वेळ बघत होती ठाऊक नाही. ती आत गेली, पेंढ्याच्या गंजीत हात घालून काठी ओढून काढली आणि माझ्यापुढं धरली.

"जावा," म्हणाली. "आगीत जाऊ दे त्ये सूप."

सोमवार

मी चावडीवर चालत गेलो. लपवण्यासारखं काही केलं नाही आणि दाखवण्यासारखंही काही केलं नाही. रोज जसा चालतो तसाच, एक पाय ओढत, दोन ठिकाणी थांबत. सगळे बघत होते. कुणीतरी हळूच म्हणालं, "बरा चालतोय की." ते मला टोचलं, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. वर्षभर रडत चाललो ते तेवढं तरी कुणाच्या नजरेत आलं.

पाटील म्हणाले, "शिवा, पाय सुदारला तुजा. देवाची किरपा. आता तूच सांग, चालत्या-फिरत्या मानसाला..."

"पाटील, चालतो म्या," मी म्हणालो. "पन काम व्हत न्हाई. नांगरामागं चार पावलं टाकली की पडतो. कुनाला बगायचं आसंल तर उद्या खाचरात या. तुमाला पटंल ते करा."

एवढंच बोलायचं ठरवलं होतं, तेवढंच बोललो. मग गोदाकाकी काठी टेकून उठली.

"माज्यापरीस अधू हितं कुनी न्हाई. माजं सूप कुनी काडनार न्हाई, ठावं हाय मला. पन म्या एक इचारते. ज्याच्या पायातनं आजपत्तुर एकदाबी नारू निगाला न्हाई, त्यानं उभं ऱ्हावं. त्याच्या खळ्यावरनं आमी कुनीच सूप घेनार न्हाई. आमचा त्याच्यावर हक्क न्हाई."

पाटलांनी पाय धोतराच्या आत ओढून घेतला. त्यांच्या घोट्यावरचा नारूचा वण सगळ्या गावाला ठाऊक होता. एकाचाही हात जमिनीला टेकला नाही, एकही गुडघा हलला नाही.

काकीनं उभ्याउभ्या कानोसा घेतला. मग मान वळवून म्हणाली, "शिवा, उठलं का रं कोन? मला काय दिसतंय!"

"न्हाई काकी. कुनी न्हाई उठलं."

"मंग बसते," म्हणाली आणि बसली.

पाटील म्हणाले, "बगू." आणि उठले. आमच्याकडं बघू म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं धरायचं. किसननं होय धरलं, हौसानं नाही धरलं. मी काहीच धरलं नाही. चालत घरी आलो.

पाटलांचं खळं

आमचं खळं आधी झालं. रास लहान होती. पण मी राशीपाशी काठी ठेवली, तोल सांभाळला आणि माझ्या हातानं काकीच्या पदरात सूप ओतलं. मग किसनच्या उपरण्यात. मागल्या साली हे हौसानं केलं होतं. सांडलं थोडं. कुणी बोललं नाही, बोलायचंच नव्हतं.

त्यानंतर काकी म्हणाली, "उद्या पाटलाच्या खळ्यावर चल."

"काकी, म्या कशाला? माजं काय ठरलं न्हाई."

"तुला सूप घ्यायला कोन म्हनतंय? बांध वलांडायला मला हात नगं का? चालतोस न्हवं? मंग चल."

म्हणून गेलो. मुद्दाम उपरणं घरी ठेवून गेलो, घ्यायला आलो असं वाटू नये म्हणून. रास पुजलेली होती. मापारी माप हातात घेऊन गप्प उभा होता. पाटलांनी काकीला ओतलं. किसनला ओतलं. मी दोन पावलं मागं सरकलो आणि काठीवर भार दिला.

पाटलांनी सूप पुन्हा भरलं आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

मी मान हलवली. त्यांनी सूप खाली घेतलं नाही. मी पुन्हा मान हलवली. तोंड उघडायची सोय नव्हती, त्यांनाही आणि मलाही. मापारी खोळंबला होता, सगळे आमच्याकडं बघत होते, भरलेल्या सुपानं पाटलांचे हात खाली यायला लागले होते. ते माझ्याकडं बघत होते, खाली मान न घालता. मी डोक्याचं मुंडासं सोडलं आणि पसरलं.

घरी आलो तेव्हा हौसा अंगणात होती. माझ्या खांद्यावरचं गाठोडं तिनं पाहिलं, मग उघडं डोकं पाहिलं. गाठोडं उतरवून घेताना तिचा हात त्यावर जरा जास्त वेळ राहिला.

"पाटलांनी दिलं?"

"दिलं."

"काय म्हनलं वो?"

"खळ्यावर कुनी बोलतंय व्हय?" मी म्हणालो. मग काठी भिंतीला टेकवली, गाळलेल्या पाण्याचा तांब्या घेतला आणि तिच्याशेजारी पायरीवर बसलो.